लियाँहून मार्सेय आणि कासी : दोन दिवसांत कसं बसवावं?

मिरज_लोकल
नमस्कार मंडळी. सांगलीतून आम्ही पाच विद्यार्थी एका सत्रासाठी लियाँला जातोय. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मार्सेय बंदर आणि शेजारचं कासी गाव करायचं आहे. तिथल्या कलांकमध्ये, म्हणजे समुद्रात उतरलेल्या चुनखडीच्या घळींमध्ये, चालायचंय. सह्याद्रीची सवय सगळ्यांना आहे. दोघे शाकाहारी. गाडी, मुक्काम आणि इथून न्यायचं सामान, तिन्हीबद्दल सांगा.

कृष्णाकाठ
आधी तारखेचं बघा. त्या आठवड्यात फ्रान्सच्या शाळांना तूसाँची सुट्टी असते, गाड्या भरतात. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ३ वाजता घड्याळं तासभर मागं जातात. शनिवारी साडेसहापर्यंत उजेड मिळेल, रविवारी साडेपाचच्या सुमारासच सूर्य मावळेल. फोन वेळ आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ नाही.

लियाँ ते मार्सेय टीजीव्ही या वेगवान गाडीनं पावणेदोन तासांच्या आसपास. विगो ही तिचीच कमी भाड्याची सेवा स्वस्त, पण तिच्या काही गाड्या शहरातून न सुटता सँतेक्झ्युपेरी विमानतळाच्या स्टेशनवरून सुटतात. तिथवर जायला जो खर्च होतो त्यात वाचलेले पैसे जातात, म्हणून तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा. पाच जणांचं शेवटच्या क्षणी ठरलं तर साधी टीईआर गाडी धरा. साडेतीन तासांच्या वर लागतात, पण गर्दी वाढली म्हणून तिचं भाडं चढत नाही.

४९ युरोंचं तरुणांचं सवलत कार्ड २७ वर्षांपर्यंत मिळतं, ३० टक्के सूट. हिशेब केला तर १६३ युरोंच्या पुढे प्रवास झाला तरच ते वसूल होतं, आणि विगोवर ते चालत नाही. एका सहलीसाठी घेऊ नका.

मुक्काम मार्सेयमध्येच, सँ-शार्ल स्टेशन आणि जुनं बंदर यांच्या मधे. कासीत राहणं महाग पडतं. स्टेशनबाहेर १०४ पायऱ्यांचा जिना आहे, चाकांची बॅग असेल तर मेट्रोनं उतरा.

अजिंक्यतारा_पायवाट
कासी शनिवारी करा, उजेडासाठी आणि बससाठी. मार्सेयहून गाडी पंचवीस मिनिटांत पोचते, पण कासीचं स्टेशन गावापासून ३ किलोमीटर वर आहे. खाली जायला बस असते, रविवारी कमी. घोषणेत 'कासी' असंच ऐकू येईल, पाटीवर शेवटी एस दिसला तरी.

घळी तीन : कासीच्या बंदरापासून पोर-मियू अर्धा तास, पोर-पँ तासभर, आँ-व्हो पावणेदोन ते दोन तास. वाट पोर-मियूपासून तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांनी दाखवलेली आहे.

सह्याद्रीची सवय इथंच फसवते. आपला काळा कातळ खरखरीत, बुटाला धरतो. तिथली चुनखडी हजारो पावलांनी घासून काचेसारखी झालीय, कोरडी असतानाही घसरते. आँ-व्होची उतरण तर उभी, त्यात घसारा. मऊ रबराच्या तळव्याचे बूट हवेत. जुने, कडक झालेले ट्रेकचे बूट नेऊ नका. पाऊस पडून गेला असेल तर पोर-पँवरून परत फिरा.

वाटेत प्यायचं पाणी कुठेही नाही. माणशी २ लिटर. १ जून ते ३० सप्टेंबर वणव्याच्या धोक्यानुसार डोंगर बंदही ठेवतात आणि सुगितोनच्या घळीसाठी उन्हाळ्यात ठरावीक दिवशी कासच्या पठारासारखं ऑनलाइन बुकिंग लागतं. तुमच्या तारखांना ही अडचण नाही.

मिरज_लोकल
खूप आभार. बोटीनं कलांक बघणं सोपं नाही का? आणि घरून कंदी पेढे न्यायचा आग्रह चाललाय.

कृष्णाकाठ
बोट कासीच्या धक्क्यावरूनच मिळते, किती घळी बघायच्या त्यावर दर. पण मिस्त्राल सुटला की बंद. हा वायव्येकडचा वारा, आणि तो वाहताना आकाश निळंशार असतं, त्यामुळे ऊन बघून निघालेला माणूस धक्क्यावरून परत येतो. सकाळी ढग नको, वाऱ्याचा अंदाज बघा. वारा वरचं पाणी आत समुद्रात ढकलतो नि खालचं गार पाणी वर येतं, एका दिवसात काही अंश फरक पडतो. त्या दिवशी पोहायला उतरू नका. मार्सेयसमोरच्या शातो दीफ किल्ल्याच्या बेटावरही बोट लागत नाही. मग दिवसांची अदलाबदल करा, म्हणून कासीच्या बोटीचं तिकीट आधी काढू नका.

विष्णुघाट
पेढे नको! युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. भडंग न्या. हलकं, कोरडं, डोंगरात उपयोगी.

शाकाहारींनी पानीस मागावी, हरभऱ्याच्या पिठाची तळलेली वडी, खास मार्सेयची. तापनाद मात्र ऑलिव्हची चटणी वाटते आणि तिच्यात अँचोव्ही मासा असतो, तिथल्या पिझ्झ्यावरही बरेचदा. नोआयच्या बाजारात भाज्यांचं कुसकुस मिळेल, पण रस्सा मांसाचा आहे का ते विचारा. 'सां व्हियांद, सां प्वासाँ' (मांस नको, मासा नको) दोन्ही म्हणा, नुसतं मांस नको म्हटलं तर मासा येतो.

आणि रविवारी बंदरावर थोडं थांबा. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मोरिया बोटीतून उडी घेतली ते आपल्या पुस्तकांतलं मार्सेलिस हेच. ते प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला. जुन्या बंदरातून ६० नंबरची बस नोत्र-दाम चर्चच्या टेकडीवर जाते, तिथून अख्खं बंदर एका नजरेत येतं.