मूळ गेमकडे बघायची नजरच बदलून टाकणारं एक्सपान्शन (गेमला नंतर जोडलेला नवा भाग) तुम्ही कोणतं खेळलात?

रानवाटा
रात्री ११:१०

गेल्या आठवड्यात विचर ३ हा गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. सुरुवातीलाच व्हाइट ऑर्चर्ड गावातली खानावळ लागते. प्रेयसी येनेफरचा माग काढत गेमचा नायक गेराल्ट आणि त्याचा गुरू व्हेसेमिर तिथे येतात, आतल्या गिऱ्हाइकांकडे चौकशी करतात. त्यातला एक टक्कल पडलेला, गोड बोलणारा माणूस. पूर्वी आरसे विकायचो म्हणतो, हवी ती माहिती देतो, बदल्यात काही मागत नाही. २०१६ मध्ये पहिल्यांदा खेळले तेव्हा त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलून पुढे निघाले होते. नावही लक्षात राहिलं नव्हतं. या वेळी तो समोर आला आणि माझा हात माउसवर तसाच थांबला. गाँटर ओ'डिम.

(इथून पुढे हार्ट्स ऑफ स्टोन या विचर ३ च्या एक्सपान्शनची गोष्ट थोडी फुटते. खेळायचं असेल तर पुढचे तीन परिच्छेद सोडा.)

मूळ गेम आला १९ मे २०१५ ला आणि हार्ट्स ऑफ स्टोन १३ ऑक्टोबरला. मधले पाच महिने हा माणूस त्या खानावळीत बसून होता आणि लाखो लोक माझ्यासारखेच त्याच्या समोरून गेले. एक्सपान्शनमध्ये कळतं की तो लोकांच्या इच्छा पुऱ्या करतो आणि त्याची किंमत वसूल करतो. ओल्गिएर्ड फॉन एव्हरेकने त्याच्याशी असाच करार केलेला. अमरपण मिळालं, पण काळीज दगडाचं झालं, सख्खा भाऊ गेला, बायको आयरिस जिवंतपणीच दुरावली. एका खानावळीत गाँटर बोलत असताना एक दारुडा मध्ये मध्ये करतो. गाँटर आवाजही चढवत नाही. सगळी खानावळ जागच्या जागी थिजवतो, लाकडी चमचा उचलतो आणि त्या माणसाच्या डोळ्यात खुपसतो. मग पुन्हा गेराल्टकडे वळून त्याच शांत आवाजात पुढचं बोलतो. पहिल्या गावात मला मदत करणारा तो हाच.

तरीही माझ्या मनात घर करून राहिलंय ते आयरिसचं घर. ती चित्रकार होती, आता फक्त तिचं भूत उरलंय. तिच्या मागोमाग गेराल्ट तिनेच काढलेल्या चित्राच्या आत शिरतो. आत तिच्या संसाराचे प्रसंग अर्धवट गोठून पडलेले असतात. आजूबाजूला विखुरलेल्या वस्तू शोधायच्या आणि जागच्या जागी ठेवायच्या, की तो प्रसंग हलायला, बोलायला लागतो. मी त्या खोल्यांमधून फार हळू फिरले. माझी आजी गेल्यावर आम्ही वाईचं घर आवरत होतो, तेव्हा तिचा अडकित्ता हातात घेऊन आई बराच वेळ नुसती बसून राहिली होती. मग एकदम म्हणाली, हा इथे नसायचा, खिडकीत असायचा. उठून तिने तो खिडकीत नेऊन ठेवला. चित्रातली ती वस्तू जागेवर ठेवताना मला तेच आठवलं. आणि शेवटी गेराल्टला तिच्याकडून ते जांभळं गुलाब घ्यायचं की तिच्यापाशी राहू द्यायचं हे ठरवावं लागतं. मी राहू दिलं. आजही तेच करेन.

नंतर या गोष्टीचं मूळ शोधलं. पोलंडमध्ये पान त्वार्दोव्स्कीची दंतकथा आहे. त्याने सैतानाशी करार केला आणि त्यात मेख मारून ठेवली की माझा आत्मा तू फक्त रोममध्येच घेऊ शकशील. रोमला जायचंच नाही, म्हणजे झालं. शेवटी सैतानाने त्याला गाठलं ते 'रोम' नावाच्या खानावळीत. आत्मा नेत असताना तो वाटेत निसटला आणि चंद्रावर जाऊन बसला, असं सांगतात. ओल्गिएर्डच्या करारातही अट आहे की हिशेब चंद्रावर उभं राहूनच पुरा होईल. ती अट कशी पुरी होते ते सांगत नाही, पण दंतकथा माहीत असेल तर त्या जागी अंगावर काटा येतो. वेंग्रुफ गावच्या चर्चमध्ये त्वार्दोव्स्कीचा म्हणून एक जुना आरसा आजही जपलेला आहे. आणि आपला गाँटर आरसे विकणारा. गेम बनवणाऱ्या वॉर्सातल्या मंडळींनी लहानपणापासून ऐकलेली गोष्ट गेममध्ये आणली आणि तिचं बी पहिल्याच गावात पेरून ठेवलं, याचं मला फार अप्रूप आहे.

तर विचारायचं हे. नुसता मोठा नकाशा आणि चार नव्या तलवारी देणारी एक्सपान्शन्स भरपूर आहेत. जी खेळल्यावर तुमचा आधीचा, खेळून संपलेला गेमच वेगळा दिसायला लागला, अशी कोणती? सविस्तर लिहा. घाई नाही.


काजवा
रात्री ११:५२

तुमचा प्रश्न वाचल्या वाचल्या एकच उत्तर आलं. डार्क सोल्स या गेमचं एक्सपान्शन, आर्टोरियस ऑफ द अबिस. २०१२ चं.

मूळ गेममध्ये जंगलात आर्टोरियस नावाच्या योद्ध्याची कबर आहे आणि तिच्यावर सिफ नावाचा प्रचंड लांडगा राखण करतो. धन्याची तलवार तोंडात धरून लढतो. पुढे जायचं तर त्याला मारावंच लागतं. त्याचा जीव संपत आला की तो लंगडायला लागतो, तलवारीचा वार करतो आणि त्याच वजनाने स्वतः कोलमडतो. मी तेव्हा कोल्हापुरात इंजिनिअरिंगला होतो, खोलीत आम्ही चौघं. त्या क्षणी चौघंही गप्प झालो होतो. शेवटचा वार मी मारला आणि उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

एक्सपान्शन तुम्हाला शेकडो वर्षं मागे नेतं. तिथे खुद्द आर्टोरियस भेटतो, पण अंधाराने पुरता ग्रासलेला. डावा हात निकामी होऊन लोंबतोय आणि तरी उजव्या हाताने तो त्या वेगाने तलवार फिरवतो. त्याला हरवून खाली खोल दरीत उतरलात तर एका फसव्या भिंतीमागे छोटा सिफ सापडतो. आर्टोरियसने आपली ढाल त्याच्यासाठी मागे ठेवलेली असते आणि तिच्या प्रकाशाच्या कडीत तो एकटा उभा असतो. म्हणजे त्या लढाईत आर्टोरियसकडे ढाल का नव्हती, ते इथे कळतं. कोणी सांगत नाही, आपलं आपल्याला कळतं.

आता खरी गोष्ट. सिफला कबरीपाशी भेटायच्या आधी हे एक्सपान्शन पुरं केलं आणि त्या पिल्लाला वाचवलं असेल, तर कबरीपाशी प्रसंग बदलतो. तो अंगावर धावून येत नाही. जवळ येतो, वास घेतो, ओळखतो. मग मान वर करून रडतो आणि तलवार उचलतो, कारण राखण तर करायचीच आहे. मारावं दोन्ही वेळेला लागतं. पण दुसऱ्या वेळी तो तुम्हाला ओळखत असतो.

मला हे दुसऱ्यांदा खेळताना दिसलं. पहिल्या वेळी आधी सिफला मारून मग एक्सपान्शनमध्ये गेलो होतो. तिथे ते पिल्लू दिसलं तेव्हा पुढे त्याचं काय होणार आहे हे मला माहीत होतं. यातलं जास्त वाईट कोणतं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

आत शिरायची वाट गेम सांगत नाही, म्हणून लिहून ठेवतो. तळ्यातला हायड्रा (अनेक तोंडांचा राक्षसी साप) मारा, तिथल्याच सोनेरी गोलेममधून (चालत्या पुतळ्यातून) डस्क नावाच्या राजकन्येला सोडवा, तिच्याशी बोला. मग ड्यूक्स आर्काइव्हज या भागातल्या एका स्फटिकी गोलेमकडून तुटकं लॉकेट मिळवा आणि परत डस्क भेटली त्या जागी या. कित्येकांनी अख्खा गेम संपवला, पण त्यांना हे दार दिसलंच नाही.


चौथा_मजला
रात्री १२:२०

काजवा, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले. मी फार गेम खेळत नाही, त्यामुळे माझं उत्तर छोटं आहे.

द लास्ट ऑफ अस : लेफ्ट बिहाइंड. मूळ गेम जून २०१३ चा, हे फेब्रुवारी २०१४ चं. मूळ गेमच्या अगदी शेवटी एली ही मुलगी सोबतच्या जोएलला सांगते की आधी रायली मेली, मग टेस, मग सॅम. रायली हे नाव तेव्हा आपल्यासाठी नुसतं नाव असतं. एक्सपान्शनमध्ये ओसाड पडलेल्या मॉलमध्ये एली आणि रायली या दोन मुली एक संध्याकाळ घालवतात. मुखवटे घालून बघतात, पाण्याच्या बंदुकांनी खेळतात, फोटो काढून घेतात. आर्केडमधलं यंत्र बंद पडलेलं असतं. रायली एलीला डोळे मिटायला सांगते आणि मारामारीचा तो सगळा खेळ नुसत्या शब्दांनी खेळवते. स्क्रीनवर एलीचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा आणि आपण बटणं दाबत असतो. बंद यंत्रावर खेळलेला तो खेळ मला बाकीच्या सगळ्या गेमपेक्षा जास्त आठवतो.

मावसभावाच्या पीएस४ वर खेळले होते. संपल्यावर त्याला म्हटलं, मूळ गेमचा शेवटचा प्रसंग परत लाव. ते नाव ऐकलं, आणि या वेळी मला तिचा चेहरा दिसला.


गोदाकाठ
सकाळी ८:०५

मी थोडं वेगळं उत्तर देतो. माझ्या आवडत्या एक्सपान्शनमध्ये कोणी रडत नाही.

एज ऑफ एम्पायर्स २ हा राज्य उभारून लढायचा गेम मी आणि माझा धाकटा भाऊ नाशिकला एका सायबर कॅफेत खेळायला शिकलो, ताशी १५ रुपये. १९९९ च्या मूळ गेममध्ये भारतातलं एकही राज्य नव्हतं. हत्ती हवा तर पर्शियन घ्यावे लागत, म्हणून पर्शियन कोणी घ्यायचे यावर आमची रोज जुंपायची. २०१३ च्या द फरगॉटनमध्ये भारत आला, पण सगळा मिळून एकच, 'इंडियन्स'. काश्मीर ते तंजावर एकाच रंगात. आनंद झाला आणि खटकलंही.

२८ एप्रिल २०२२ ला डायनॅस्टीज ऑफ इंडिया आलं आणि त्या एकाचे चार झाले. बंगाली, द्रविड, गुर्जर आणि आधीच्याचं नाव बदलून हिंदुस्थानी. म्हणजे तुमच्या प्रश्नातली अट इथेही पुरी होते. पृथ्वीराजाची मोहीम आधीपासून होती, तीही आता गुर्जरांकडून खेळायची झाली. बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल यांच्या मोहिमा नव्या. राजेंद्र चोळाची मोहीम जरूर खेळा, त्या माणसाची ताकद समुद्रावर होती हे तिथे हाताला कळतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी बारीक आहे. बाकी सगळ्यांनी मेंढ्या सापडल्या की मारून अन्न मिळवायचं. गुर्जरांना मात्र मेंढ्या गिरणीत नेऊन ठेवता येतात. न मारता, त्या आत असेपर्यंत अन्न थोडं थोडं येत राहतं. चार मेंढ्या मिळाल्या की आज मारू की जपून ठेवू, हा प्रश्न पडतो. आमच्या आजोबांकडे शेळ्या होत्या, घरात हाच हिशेब चालायचा. गेममध्ये तो इतका नेमका दिसेल असं वाटलं नव्हतं. आणि दरवाजे फोडायला या चारही राज्यांना लाकडी ओंडक्याचं यंत्र नाही, त्याजागी चिलखत घातलेला हत्ती आहे. किल्ल्यांच्या दरवाजांवरचे अणकुचीदार खिळे ज्याने बघितलेत, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

देवगिरीच्या यादवांची स्वतंत्र बाजू नाही, याची हळहळ आहे. द्रविड आणि गुर्जर यांच्यामध्ये आपलं दख्खन राहून गेलं.

भाऊ आता जर्मनीत असतो. दर शनिवारी इथे रात्रीचे साडेनऊ, तिथे उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा. तो बंगाली घेतो, मी गुर्जर. हत्तीवरून आता भांडण होत नाही.


नवखा_स्वार
सकाळी ९:३०

रानवाटाताई, मी विचर पहिल्यांदाच खेळतोय, सध्या वेलेन या सुरुवातीच्या भागात आहे. हार्ट्स ऑफ स्टोन कधी सुरू करू? आणि ब्लड अँड वाइन हे दुसरं एक्सपान्शन आधी की नंतर?


रानवाटा
दुपारी १:४५

नवखा_स्वार, लेव्हल साधारण ३० झाल्याशिवाय हात लावू नका. ऑक्सनफर्टच्या गटारातला तो पहिला बेडूकच भारी पडतो. मूळ गोष्ट संपवा, मग हार्ट्स ऑफ स्टोन आणि सगळ्यात शेवटी ब्लड अँड वाइन. ते ३१ मे २०१६ चं, बरंच मोठं, आणि गेराल्टचा निरोप आहे. निरोप मध्येच घेऊ नये.

काजवा, तुमची वाट वहीत उतरवून घेतली. डार्क सोल्स मी दोनदा अर्धवट सोडलाय, पण आता सिफला भेटायच्या आधी ते पिल्लू शोधायचं ठरवलंय. चौथा_मजला, तुम्ही छोटं म्हणालात, पण बंद यंत्राचा प्रसंग मी आज डबा खाताना कचेरीतल्या दोघींना सांगितला.

गोदाकाठ, मेंढ्यांची गोष्ट फार आवडली. मी गोष्टींमध्येच अडकले होते, नियमातूनही हे होतं हे सुचलंच नव्हतं.

नवखा_स्वार, अजून एक. हार्ट्स ऑफ स्टोनमध्ये बोरसोदींच्या घरी लिलाव होतो. तिथे नदीवरच्या चांदण्या रात्रीचं एक चित्र निघतं. पैसे लागले तरी बोली लावून ते घ्या आणि विकू नका. ब्लड अँड वाइनमध्ये तूसाँला गेराल्टला द्राक्षमळा मिळतो, त्यात जुनं पडकं घर असतं. घर दुरुस्त करून घेतलंत की भिंती मोकळ्या असतात. ते चित्र तिथे लावता येतं. मी लावलंय.