जेश्चर म्हणजे हातवारे की खूण?

तापीकाठ: भाषेच्या उगमावरचा एक लेख मराठीत करतेय. गॉर्डन ह्यूज या मानववंशशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं होतं की माणूस आधी हातांनी बोलायला लागला असावा, तोंडाने नंतर. लेखात जेश्चर आणि साइन दोन्ही सारखे येतात, मी दोन्हीला खूण लिहिलं तर संपादक म्हणतात वेगवेगळे शब्द द्या. साइन लँग्वेजला सांकेतिक भाषा चालेल?

अमळनेरकर: नको ताई. सांकेतिक भाषा हेरांची असते. माझ्या धाकट्या भावाला ऐकू येत नाही, त्याची भाषा काही कोणापासून लपवायची नाही. घरात आम्ही खुणांची भाषाच म्हणतो. जेश्चरला हातवारे करा.

शब्दवेडा धुळे: संकेत शब्दावर अन्याय करताय. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणतात शब्दाला अर्थ चिकटतो तो संकेताने, म्हणजे ठरवून. हातवारे ज्याचे त्याचे, सगळ्यांनी एकच अर्थ मानला की संकेत. लेखाचा मुद्दाच तो आहे ना? लेखात घरगुती शब्द नको.

अमळनेरकर: घरगुतीतूनच भाषा होते हो! निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या शेवटी बहिऱ्या मुलांची शाळा निघाली, शिक्षक ओठ वाचायला शिकवत होते आणि मुलांनी आपापल्या घरच्या खुणा एकत्र करून वेगळीच भाषा उभी केली, मागून आलेल्या लहान पोरांनी तिचं व्याकरण पक्कं केलं. कोणी बसून ठरवलं नव्हतं.

केळीवाला सावदा: काय भांडून राहिले भो. आजोबांसोबत बैलबाजारात जायचो, दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे. पूर्ण पंजा धरला की पाच, पण पाचशे का पाच हजार ते बैल पाहून समजायचं. आजोबा फक्त "हात दे" म्हणायचे. याला कोणता शब्द?

शब्दवेडा धुळे: संकेत! ठरलेला अर्थ आहे.

अमळनेरकर: रुमाल टाकला म्हणजे लपवणं आलं, तीच खरी सांकेतिक भाषा. माझं तेच म्हणणं आहे.

तापीकाठ: पण रुमालाखालचं दिसतच नाही, नुसत्या स्पर्शाने कळतं. मग हातवारे तर नाहीच, आणि खूण तरी म्हणायची का?

केळीवाला सावदा: आम्ही खूणच म्हणायचो ताई. सहाला काय धरायचे ते मात्र आठवत नाही, पंजा सोडून परत एक बोट बहुतेक. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणारं कोणी आहे का इथे? तिकडे कसं करतात?