बँकेत संगणक आले, तेव्हा कुणाची नोकरी गेली?

खतावणी: एआयचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "संगणक आले तेव्हाही ओरड झाली होती, गेली का कुणाची नोकरी?" मी सरकारी बँकेत क्लार्क होतो, म्हणून लिहितो. आमची टिकली, पण आपोआप नाही. १९८३ साली कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन (बँकांच्या व्यवस्थापनांची संस्था) यांच्यात करार झाला. यंत्रं किती नि कुठे बसवायची याला मर्यादा पडल्या, चालवणाऱ्याला खास भत्ता मिळाला. मग खातेवहीतल्या नोंदी करणारं लेजर पोस्टिंग मशीन आलं, पुढे सगळंच संगणकावर गेलं. बॅलन्सिंग जुळत नाही म्हणून रात्रीपर्यंत बसणं सुटलं, त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही. पण २०००-०१च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांतून सुमारे लाखभर माणसं बाहेर पडली आणि क्लार्कच्या कितीतरी खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. नोकरी गेली ती पुढच्या पोरांची. जी लागलीच नाही, तिच्यासाठी मोर्चा कोण काढणार?

मिरजकर: काका, हे अर्धंच झालं. २०१४ नंतरची कोट्यवधी जनधन खाती हाताने लेजर लिहून सांभाळली असती का? आयबीपीएसची भरती आजही निघते, माझी बहीण त्यातूनच ऑफिसर झाली. काम संपलं नाही. कर्ज, वसुली, विमा विकणं असं बदललं.

खतावणी: ऑफिसर झाली, अभिनंदन! पण क्लार्क म्हणून चिकटून वर चढायची पायरी बारीक होत गेली, मी तेच म्हणतोय. आणि जनधनचं गावातलं काम कुणावर पडलं? बँकेच्या वतीने गावात व्यवहार करणाऱ्या बँकमित्रांवर. ते कमिशनवर जगतात.

टोकन नं. ४७: ग्राहकाचंही ऐका. स्वतःचेच पैसे काढायला आम्ही पितळी टोकन हातात धरून तासभर बाकावर बसायचो. तुमचा करार आमच्या वेळेच्या जिवावर झाला होता. एटीएम आलं नि सुटलो.

खतावणी: रांग होती, नाकारत नाही. पण आता शाखेत माणूस सापडत नाही, त्याचं काय?

सोनचाफा: तुम्ही सगळे बँकेतच अडकलात. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. टोलनाक्यावर पावती फाडणारी पोरं ठेकेदाराची. ना संघटना, ना भत्ता. उलट हिशेबाचं काम बघा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने खतावणी खाऊन टाकली (नावावरून चिडू नका काका), तरी २०१७ला जीएसटी आल्यावर विवरणपत्रं भरणाऱ्यांना उसंत नाही. दोन्ही कामं ठरावीक साच्याचीच. मग सगळं यंत्रावरच कुठे ठरतं? सरकार नवं काम काढतं का, आणि तुम्ही कुणाचे नोकर आहात, यावर ठरतं.

मिरजकर: म्हणजे टोलवाल्यांनीही १९८३सारखा करार मागायचा?

सोनचाफा: कुणाकडे मागणार? ठेका संपला की ठेकेदारच बदलतो.