डोळ्यांची ॲलर्जी आणि पातळ होणारे पारपटल

प्रश्न (परभणी): माझा बारा वर्षांचा पुतण्या उन्हाळ्यात आणि सोयाबीनच्या मळणीच्या धुळीत मुठीने डोळे चोळत राहतो. वर्षभरात त्याच्या चष्म्याचा तिरका नंबर (सिलिंडर) बराच वाढला आहे. यामागे ॲलर्जी असू शकते का?

उत्तर (लातूर): असू शकते. सततच्या चोळण्यामुळे आणि दाहात अश्रूंमध्ये वाढणाऱ्या विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) पारपटलातील, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यातील, कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू कमकुवत होऊन पारपटल पातळ व शंकूसारखे होते, असे मानले जाते. यालाच केराटोकोनस म्हणतात. नुसता चष्मा बदलत न बसता कॉर्नियल टोपोग्राफी (पारपटलाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी) करून घ्यावी.

उत्तर (नांदेड): आजार वाढत असल्यास रायबोफ्लेविन (ब२ जीवनसत्त्व) व अतिनील किरणांचे क्रॉस-लिंकिंग, म्हणजे पारपटलाचे तंतू घट्ट करणारे उपचार, तो बहुधा थोपवते, मात्र चोळणे थांबलेच पाहिजे. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब (आपल्याकडे हे सर्रास चालते) दीर्घकाळ घातल्यास काचबिंदू ओढवू शकतो.