डेस्कटॉपवरचं शेअर केलेलं फोल्डर लॅपटॉपवर दिसतं, पण उघडत नाही

मीनल_मिरज
नमस्कार मंडळी. खालच्या खोलीत बाबांचा (सासऱ्यांचा) डेस्कटॉप आहे, विंडोज १० होम. त्याला जुना स्कॅनर जोडलाय. त्याचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालत नाही, म्हणून तो डेस्कटॉप हलवता येत नाही. वरच्या मजल्यावर माझा लॅपटॉप, विंडोज ११ प्रो, २४एच२.

बाबांच्या आईने जात्यावरच्या ओव्या वह्यांत उतरवून ठेवल्या आहेत. बाबा खाली पानं स्कॅन करतात, मी वर बसून टाइप करते. शाई इतकी फिकट झालीय की ६०० डीपीआयखाली अनुस्वार दिसत नाहीत. एकेक पान टिफमध्ये पन्नास-साठ एमबीचं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की अक्षर फुटतं, आणि पेनड्राइव्ह घेऊन बाबांनी जिने चढावेत हे मला नको आहे.

फोल्डर 'एव्हरीवन'ला शेअर केलं. लॅपटॉपवर नेटवर्कमध्ये डेस्कटॉपचं नाव दिसतं, पण क्लिक केलं की युजरनेम-पासवर्ड मागतो. बाबांचा पिन टाकला तर चुकीचा म्हणतो. त्याच पिनने डेस्कटॉप मात्र रोज उघडतो! ओळखीच्या दुकानदाराने सांगितलं, पासवर्ड प्रोटेक्शन बंद करा आणि एसएमबी १ चालू करा. करू का?

श्रीरंग७७
मी घरी पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंदच ठेवलंय, काही त्रास नाही. 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये सापडेल.

नेटवर्कवाला_नाशिक
मीनलताई, दोन्ही करू नका. श्रीरंगराव, तुमच्याकडे चाललं असेल, पण ताईंच्या लॅपटॉपवर ते चालणारच नाही. पासवर्ड बंद केला की समोरचा कॉम्प्युटर पाहुणा म्हणून, म्हणजे गेस्ट म्हणून आत घेतो. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती गेस्ट लॉगिन मुळातच नाकारते.

एसएमबी १ चं, म्हणजे नेटवर्कवरून फाइल शेअर करायच्या विंडोजच्या जुन्या पद्धतीचं, तर नावच काढू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो त्याच्यातल्याच भोकातून. विंडोज १० आणि ११ एकमेकांशी एसएमबी ३ मध्ये बोलतात, जुन्याची गरजच नाही. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. अशा मशीनचं दार उघडं टाकणं मला तरी पटत नाही.

आता मूळ दुखणं. एरर काय म्हणते त्यावरून कुठे अडलंय ते कळतं. 'पाथ सापडला नाही' आलं तर रस्ता बंद: वायफाय, फायरवॉल, किंवा नेटवर्क 'पब्लिक'वर राहिलंय. पासवर्ड मागितला तर रस्ता ठीक, ओळख पटत नाही. पासवर्ड घेऊन 'परवानगी नाही' म्हणाला तर फोल्डरची परमिशन. तुमचं दुसरं आहे, तेव्हा राउटरला हात लावू नका.

पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. बाबांचं मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर त्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि कायम पिननेच साइन-इन होत असेल तर तोही कधी कधी घेत नाही. म्हणून डेस्कटॉपवर फक्त या कामासाठी वेगळं लोकल खातं काढा. सेटिंग्ज, अकाउंट्स, 'फॅमिली अँड अदर युजर्स'. तिथे ईमेल मागेल. 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' आणि पुढे 'अ‍ॅड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट' निवडा. पासवर्ड द्याच. रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

मग फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' टॅबवर 'एव्हरीवन' काढून हे खातं घाला. साधं 'शेअर' बटण वापरा. 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग'मधून केलंत तर 'सिक्युरिटी' टॅबमध्ये वेगळी परवानगी द्यावी लागते, आणि दोन्हींत जी कडक ती लागू होते. बरेच जण इथेच अडकतात.

लॅपटॉपवर आधी क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं ती जागा) डेस्कटॉपच्या नावाची जुनी नोंद उडवा. मग युजरनेमच्या जागी डेस्कटॉपचं नाव, बॅकस्लॅश आणि नवं खातं असं लिहा. नुसतं खात्याचं नाव दिलंत तर लॅपटॉप ते आपल्याकडचंच समजू शकतो.

मीनल_मिरज
उघडलं! बाबांनी स्कॅन केलेलं पान लगेच वर दिसलं. मनापासून आभार, दादा.

एक अडचण राहिली. गॅलरीजवळच्या खोलीत बसले की 'नेटवर्क पाथ सापडला नाही' येतं, शेवटी ००३५ असलेला नंबर. हॉलमध्ये आले की पुन्हा चालतं. इंटरनेट दोन्हीकडे नीट आहे.

वैशाली_प
गॅलरीजवळ दुसरा राउटर लावलाय का? दोन्ही मशीनचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, पाहून सांगा.

मीनल_मिरज
हो, वर रेंज मिळेना म्हणून लावलाय. डेस्कटॉप १९२.१६८.१.७, आणि त्या खोलीत लॅपटॉप १९२.१६८.०.१०४.

वैशाली_प
तिसरा आकडा बघा, एकीकडे १ आणि दुसरीकडे ०. वरच्या राउटरने स्वतःचं वेगळं नेटवर्क काढलंय. इंटरनेट त्यातून जातं, पण डेस्कटॉपला नावाने हाक मारलेली पलीकडे पोचत नाही. तात्पुरतं, नावाऐवजी आयपी टाकून बघा, वरून खाली बहुधा उघडेल. कायमचा उपाय म्हणजे वरच्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाका. मग सगळ्यांना पत्ते खालचा राउटरच देईल.

नेटवर्कवाला_नाशिक
वैशालीताईंचं अगदी बरोबर. आणि मीनलताई, हे आजच करा: स्कॅनच्या फोल्डरला त्या खात्याची परवानगी फक्त 'रीड' ठेवा. नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट नाहीशी होते. टाइप केलेलं ठेवायला दुसरं फोल्डर करा, त्याला 'रीड/राइट' द्या. मूळ स्कॅनची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर हवीच. त्या वह्या पुन्हा मिळणार नाहीत.

मीनल_मिरज
अ‍ॅक्सेस पॉइंट मोड केला, आता दोन्ही पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होतात आणि गॅलरीजवळही फोल्डर उघडतं. स्कॅनला 'रीड' केलं. एक चाचणी फाइल लॅपटॉपवरून काढून पाहिली, परवानगी नाही म्हणाला. हार्डडिस्क बाबा शनिवारी सांगलीहून आणणार आहेत.