ब्रिस्टलला बंदर म्हणतात, पण समुद्र कुठंय?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. पोरगी ब्रिस्टलला एमएस्सी करायलीय, ऑगस्टमध्ये आम्ही दोघं आठ दिवस तिच्याकडं जायलोय. नकाशा उघडला तर गाव समुद्रापासून चांगलं १० किलोमीटर आत, नदीकाठाला, आणि जो तो जुनं बंदर जुनं बंदर म्हणतोय. आम्हाला बंदर म्हणजे वेंगुर्ला नाहीतर मुरगाव, समोर पाणी दिसलं पाहिजे की ओ. तिथं बघण्यासारखं नेमकं काय हाय? मिसेसचा गुडघा दुखतोय, जास्त चढ नको. आणि आपला बेळगावचा दुधाचा गोड कुंदा न्यायचा विचार हाय, कोण नेलंय का?

खानापूरची_लेक:
काका चढ नको म्हणताय आणि पोरीनं ब्रिस्टल निवडलंय 😄 दोन वर्षं काढलीत तिथं, टेकड्याच टेकड्या.

समुद्राचं असं हाय. गाव एव्हन नदीवर, पण भरतीचं पाणी नदीतून गावापर्यंत चढायचं. मुखाशी मोठी भरती असली की पाणी १२ मीटरच्या वर चढ-उतार करतं, म्हणजे चार मजली बिल्डिंग धरा. पूर्वी ओहोटी लागली की धक्क्यावरची जहाजं सरळ चिखलात बसायची, माल नीट बांधला नसला की सगळा एका बाजूला. मग १८०९ ला नदीलाच दारं घालून पाणी अडवलं आणि नदीला बाजूनं नवा कालवा खोदून दिला. तेव्हापासून बोटी कायम तरंगत्या, म्हणून नाव फ्लोटिंग हार्बर. आता मोठी जहाजं खाली नदीच्या मुखाशी, एव्हनमाउथलाच थांबतात. धक्क्यावरचा रस्ता सपाट हाय, काकूंना जमेल, कंटाळा आला की छोटी फेरीबोट धरायची. १४९७ ला जॉन कॅबट नावाचा दर्यावर्दी इथनंच अमेरिकेकडं गेला, त्याच्या मॅथ्यू जहाजाची हुबेहूब प्रत पण पाण्यात उभी असते, एवढ्याशा लाकडी बोटीतनं माणसं गेली कशी हाच प्रश्न पडतो.

एम शेड म्युझियम चुकवू नका, फुकट हाय. गुलामांच्या व्यापारातला कोल्स्टन, त्याचा पुतळा लोकांनी ७ जून २०२० ला पाडून हार्बरमध्ये ढकलला, तो पाण्यातनं काढून तसाच रंग फासलेला आत आडवा ठेवलाय. पुतळ्यांवरनं आपल्याकडं काय काय होतं ते सांगायला नको.

कुंदा नेऊ नका ओ, भारतातनं दुधाचं काही नेऊ देत नाहीत.

उद्यमबाग_फाउंड्रीवाला:
एसएस ग्रेट ब्रिटन बघा, बाकी सगळं सोडा. १८४३ ची लोखंडी बोट, ९८ मीटर लांब, पाणी ढकलायला मागं पंखा, ब्रुनेल नावाच्या इंजिनियरनं बांधली. म्हातारी झाल्यावर फॉकलंडला नेऊन बुडवली होती, १९७० ला तरंगत्या तराफ्यावर चढवून परत आणली आणि जिथं बांधली त्याच गोदीत ठेवली. बोटीभोवती काचेचा पत्रा आणि त्यावर थोडंसं पाणी, वरनं वाटतं तरंगायलीय. जिना उतरून काचेखाली जायचं आणि डोक्यावर पाणी बघत तळाला हात लागेल इतकं जवळ जायचं. गंजानं चाळण झालीय, म्हणून खालची हवा मशीननं सुकी ठेवलीय, २० टक्के ओलावा फक्त. आमच्या शेडात जुलैत कास्टिंग रात्रभर बाहेर राहिलं तर सकाळी लाल, मी तिथं अर्धा तास नुसता रिवेट मोजत उभा होतो, बायको वर चहा पिऊन आली.

क्लिफ्टनचा झुलता पूल पण ब्रुनेलचाच, १८६४ ला उघडला, तो बिचारा १८५९ लाच गेला. साखळ्या लंडनच्या त्याच्याच जुन्या पुलाच्या, भंगारात न घालता इथं लावल्या. चढ हाय, टॅक्सी करा.

निपाणीकर:
सगळे बोटीवर बोलायलेत, तंबाखू कोण सांगणार? विल्स सिगारेटवाले मूळचे ब्रिस्टलचे, आपली आयटीसी कंपनी पण १९१० ला, विल्स ज्यात होते त्या इंपीरियल टोबॅकोच्या नावानंच सुरू झाली. युनिव्हर्सिटीचा उंच टॉवर विल्सच्याच पैशाचा, १९२५ चा. हार्बरच्या पश्चिम टोकाला लाल विटांच्या तीन प्रचंड वखारी हायत, ए बॉन्ड, बी बॉन्ड, सी बॉन्ड. ड्युटी भरेपर्यंत तंबाखू तिथं कुलपात. मी समोर उभा राहिलो आणि आमची आईच आठवली, वखारीत तंबाखू चाळून घरी आली की पदराच्या वासानं आम्ही शिंकायचो. सुरुवातीचा तंबाखू गुलामांच्या मळ्यातनं आलेला, हे तिथं कळालं, आपल्याकडं कोण सांगतंय.

आणि एक, राजा राममोहन रॉय १८३३ ला ब्रिस्टललाच वारले. अर्नोस व्हेल स्मशानभूमीत त्यांची छत्री हाय, आपल्या देवळासारखे खांब. गर्दी नसते.

टिळकवाडीकर:
लई उपकार मंडळी. मिसेस म्हणायलीय आधी राममोहन रॉय, मग बोट. मी म्हणालो बोट आधी. कुंद्याचं तिला अजून सांगितलं नाही, दोन किलो आणून ठेवलाय, आता हितंच संपवतो.