मिक्सरवर डीओपी हाताळतो, शुक्राणू कमी आलेत. संबंध असेल का?

निळा_ड्रम
वय 33. नऊ वर्षं पीव्हीसी कंपाउंडच्या मिक्सरवर आहे. वायरच्या मऊ आवरणाचा माल. रेझिन पावडर, फिलर आणि डीओपी, म्हणजे पीव्हीसी मऊ करणारं तेलकट द्रव. मिक्सर शंभर अंशांच्या वर तापतो. झाकण उघडलं की तेलकट वाफ थेट तोंडावर. ड्रमला नळी लावताना हात मनगटापर्यंत ओले होतात, ते अंगावरच्या कपड्यालाच पुसायचे. वास फारसा नाही, आग होत नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. बायकोचे रिपोर्ट नीट. माझा परवा आला: मिलिलिटरला 9 दशलक्ष, हालचाल 28 टक्के. डॉक्टरांनी सिगारेट, दारू, ताप, सगळं विचारलं. कामाचं विचारलं नाही आणि मलाही तिथे सुचलं नाही, घरी येऊन हात धुताना सुचलं. नोकरी सोडू का?

साधा_माणूस
दादा, आधी घरातल्या प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या फेका. सगळं त्यातूनच येतं.

जुना_केमिस्ट
बाटलीला उगाच बदनाम करू नका. ती पीईटीची, तिला मऊ करायला डीओपी लागत नाही. बीपीए या रसायनाची भानगड वेगळी, तो पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक प्लास्टिकमधला.

निळा ड्रम, तुमचा डीओपी म्हणजे डीईएचपी, थॅलेट या प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांच्या गटातला. तो पीव्हीसीशी रासायनिकदृष्ट्या जोडला जात नाही, साखळ्यांच्या मधे नुसता बसून असतो. उष्णता किंवा तेल-तूप लागलं की सुटतो. चांगली गोष्ट अशी की अंगात साठून राहत नाही: आतड्यात-यकृतात तुटतो आणि एक-दोन दिवसांत बहुतेक लघवीवाटे जातो. वाईट गोष्ट अशी की तुम्ही रोज नवा घेताय.

उंदरांच्या गर्भावरचे प्रयोग स्पष्ट आहेत. नर गर्भाच्या वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) कमी बनवतात, मग वृषण खाली उतरत नाही किंवा मूत्रमार्गाचं छिद्र भलत्या जागी येतं. मोठ्या माणसांतला पुरावा इतका ठाम नाही. तुमच्या कामाच्या जवळचा म्हणजे 2006 मधला चीनचा: पीव्हीसी फरशी बनवणाऱ्या 74 कामगारांत मुक्त टेस्टोस्टेरॉन कमी निघालं. पण ती एकवेळची पाहणी, त्यावरून कारण सिद्ध होत नाही.

तेव्हा राजीनामा आत्ताच लिहू नका. तपासणी पुन्हा करा, एका नमुन्यावर काही ठरत नाही. (जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची खालची मर्यादा 16 दशलक्ष, हालचाल 42 टक्के.) रक्तातलं एफएसएच (शुक्राणू बनवायला लावणारं संप्रेरक), टेस्टोस्टेरॉन बघा, आणि मूत्ररोगतज्ज्ञाकडून व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा, तपासून घ्या; तो या वयात बराच आढळतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून आज हातमोजे घातले तरी फरक तीन महिन्यांनीच दिसेल. मिक्सरच्या तोंडाशी वाफ ओढणारा पंखा मागा. कापडी मास्क वाफेला अडवत नाही.

पोटाचा_जुना_पेशंट
नोंद म्हणून सांगतो, गोळ्याही बघा. मोठ्या आतड्याच्या सुजेवर मेसालामाइन मिळायचं, त्यातल्या काही गोळ्यांच्या आवरणात डीबीपी हे दुसरं थॅलेट असायचं. मी ते कळल्यावर डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घेतली.

निळा_ड्रम
मला गोळी कुठलीच नाही. पण केमिस्टकाका, कामाचे कपडे बायको घरी धुते. दिवस गेले तर?

जुना_केमिस्ट
हाच खरा प्रश्न. पहिल्या तिमाहीत मुलाच्या वृषणाची जडणघडण होते, तिथेच मला जास्त धास्ती. कपडे कारखान्यात बदला, तिथेच धुवा. नाही जमलं तर तुम्ही धुवा, हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत.

निळा_ड्रम
दोन आठवड्यांनी सांगतोय. कपडे मीच धुतो. पंख्याचं सुपरवायझर "बघू" म्हणाले. डावीकडे व्हेरिकोसील निघाला. म्हणजे डीओपी निर्दोष सुटला का?

जुना_केमिस्ट
नाही. दोन्ही एकत्र असू शकतात. व्हेरिकोसीलचं डॉक्टर ठरवतील, हातमोजे तुम्ही काढू नका. तीन महिन्यांनी रिपोर्ट इथेच टाका.